चियांग मायचे कुकिंग क्लास: खलबत्ता कोणाच्या हातात आहे ते बघा

उत्तर थायलंडमधल्या चियांग मायला कुकिंग क्लासची अजिबात वानवा नाही. अर्ध्या दिवसाचे आणि पूर्ण दिवसाचे, सगळे एकाच साच्यातले: मंडईत एक फेरी, मग करीची पेस्ट (वाटण), मग चार-पाच पदार्थ. पण बहुतेकांच्या यादीत हिरवी करी, पॅड थाय आणि टॉम यम असतं, आणि हे तर बँकॉकलाही शिकता येतं. इतक्या लांब आल्यावर खास उत्तरेचे पदार्थ, म्हणजे खाव सोय (करीच्या रश्शातल्या नूडल्स) किंवा नारळाच्या दुधाशिवाय शिजणारी गेंग हांग ले (डुकराच्या मांसाची करी) शिकवतात का, हे बुकिंगआधी विचारा.

क्लासची खरी परीक्षा पेस्टला होते. दगडी खलबत्त्यात आधी भाजलेले धणे-जिरे कुटायचे, मग मीठ घालून गवती चहाचा खालचा पांढरा भाग, गलांगल (आल्यासारखा कंद) आणि कोथिंबिरीची मुळं. त्यानंतर मिरच्या, शेवटी लसूण, छोटे कांदे आणि कापी, म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली पेस्ट. ओलं आधी घातलं की बत्ता घसरतो, रस डोळ्यात उडतो आणि गवती चहाचे दोरे तसेच राहतात. नीट कुटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तयार पेस्ट वाटीत देऊन बत्त्याचे चार ठोके फोटोपुरते मारायला लावणारा क्लास सरळ टाळा.

दुसरी खूण नारळाच्या दुधाची. घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून मग त्यात पेस्ट परततात. हे घरी फसतं ते डब्यातल्या दुधामुळे: त्यात स्टॅबिलायझर असेल तर कितीही आटवा, तेल सुटत नाही. अशा वेळी चमचाभर तेलात पेस्ट परतून घ्या, हे सांगणारा शिक्षक कामाचा.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. कापी आणि नाम प्ला (माशाचा सॉस) जवळपास सगळ्यात असतात. ‘जे’ (थायलंडमधला कडक शाकाहार) म्हणालात तर कांदा-लसूणही जाईल, म्हणून ‘मांगसाविरात’ (साधं शाकाहारी) म्हणा. त्यात अंडं मात्र चालतं, नको असेल तर वेगळं सांगा. कापीऐवजी काय घालता, यावर ‘थुआ नाओ’ (सोयाबीन आंबवून केलेल्या सुक्या चकत्या) असं उत्तर आलं तर क्लास उत्तरेचा आहे, खुशाल पैसे भरा.

चिकट भात बहुतेक ठिकाणी आयताच पानात येतो. तांदूळ निदान चार तास भिजवावे लागतात, अर्ध्या दिवसाच्या क्लासात ते बसत नाही. निदान बांबूच्या टोपलीत वाफवताना दाखवा, एवढं तरी मागून घ्या.