ठाण्यात एकच जेवण: मिसळ की सुरमई थाळी?

नागपूरचा सहकारी दोन दिवस कामासाठी ठाण्याला येतोय. मोकळी दुपार एकच. त्याने विचारलं, "दादा, मामलेदारची मिसळ खाऊ की मालवणी थाळी?"

वेळेत मिसळ सरस. मामलेदारचं हॉटेल ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, तहसील कचेरीजवळच. तहसीलदाराचं जुनं नाव मामलेदार, त्यावरून हे नाव. बसलात की लगेच ताट समोर. थाळीला ताजं तळण लागतं, तासभर धराच. खर्चातही थाळी मिसळीपेक्षा बरीच महाग पडते.

पण खरा प्रश्न नंतरच्या मीटिंगचा. तिथली तिखट मिसळ खरोखरच तिखट असते. पहिल्या घासाला कळत नाही, तिसऱ्याला कानशिलं तापतात. मी एकदा तशीच खाऊन प्रेझेंटेशनला उभा राहिलो आणि पाण्याचे चार ग्लास संपवले. नवख्याने मध्यमच मागवावी. थाळीत मात्र रव्यात घोळून तळलेली सुरमई, कडा कुरकुरीत, आत पांढरीशुभ्र. वर नारळाच्या दुधातली गुलाबी सोलकढी. जेवण जड, पण सोलकढीने पोट शांत राहतं. डुलकी येते, हे खरं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरू नये.

एकटे असाल, घाई असेल, तर मिसळ. क्लायंटला घेऊन निवांत बसायचं असेल, तर थाळी. आमच्या नागपूरकराला सावजीच्या झणझणीत रश्श्याची सवय आहे, त्याला मी मिसळच सांगितली. तिखट.