मैदानावर पळणाऱ्या मुलाला कोणती कादंबरी द्यावी? चार खेळकथांची तुलना

भाच्याचा वाढदिवस आलाय, भाचा दिवसभर मैदानावर असतो, म्हणून खेळावरचं पुस्तक शोधायला जावं, तर हाती लागतं ते बहुतेक वेळा एखाद्या क्रिकेटपटूचं चरित्र. चरित्रं वाईट नसतात. पण त्यांचा शेवट मुलाला आधीच ठाऊक असतो: हा पुढे मोठा खेळाडू होणार. कादंबरीतला पोरगा संघात तरी येईल का, इथपासून शंका. नऊ ते तेरा या वयात ही शंकाच जास्त ओळखीची असते. मराठीत या वयासाठी साहसकथांना तोटा नाही. फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकल दामटत कुठे कुठे जाऊन पोचला. पण सराव, संघ आणि सामना याभोवतीच फिरणारी कादंबरी माझ्या हाती फारशी लागली नाही. म्हणून इथे चार इंग्रजी पुस्तकं घेतली आहेत: आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’, क्वामी अलेक्झांडर यांचं ‘द क्रॉसओव्हर’, जेसन रेनॉल्ड्स यांचं ‘घोस्ट’ आणि व्हिक्टोरिया जेमिसन यांचं ‘रोलर गर्ल’.

पालक पहिला प्रश्न विचारतात तो खेळाचा. आमचा क्रिकेट खेळतो, मग बास्केटबॉलचं कशाला? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. मूल किती आणि कसं वाचतं, हे आधी बघा. याचा उत्तम दाखला म्हणजे चारांतलं एकुलतं एक क्रिकेटचं पुस्तक.

‘स्वामी अँड फ्रेंड्स’ 1935 सालचं. मालगुडीतला दहा वर्षांचा स्वामीनाथन, त्याचा रुबाबदार मित्र राजम आणि दांडगा मणी मिळून संघ काढतात, नाव ठरतं एम.सी.सी., म्हणजे मालगुडी क्रिकेट क्लब. मग संघ काढला की सरकारला कर भरावा लागतो का, यावर गंभीर चर्चा. मग मद्रासच्या दुकानाला पत्र: दोन ज्युनिअर विलर्ड बॅटी, सहा चेंडू आणि स्टंप पाठवा. पैशांचं काय, हा विचार नंतरचा. गल्लीत वर्गणी काढून टेनिस बॉलचा संघ उभा केलेल्या कुणालाही ही पानं वाचताना हसू फुटेल. स्वामीची गोलंदाजी बघून दोस्त त्याला ‘टेट’ म्हणू लागतात, इंग्लंडचा गोलंदाज मॉरिस टेट याच्यावरून.

पण सामना? शाळा सुटल्यावरची ड्रिल सरावाच्या आड येते, ती बुडवल्यावरून हेडमास्तर छडी उगारतात, स्वामी ती हिसकावून खिडकीबाहेर फेकतो आणि पळून जातो. ज्या सामन्यासाठी एवढा खटाटोप, तो त्याच्याविना होतो. चौकार-षटकारांच्या आशेने पुस्तक उघडणारा पोरगा इथे चिडणार. शिवाय मध्ये 15 ऑगस्ट 1930 ची निषेध सभा आहे, शाळेवरची दगडफेक आहे, त्यामुळे कुणीतरी शेजारी बसून चार गोष्टी सांगितल्या तर बरं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांना छडी आणि ड्रिल समजावताना आजी-आजोबांना बोलायला विषय मिळेल, हा एक फायदाच. एरवी मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी या चारांत याच्या तोडीचं पुस्तक नाही.

मैदानावरचा थरारच हवा असेल तर ‘द क्रॉसओव्हर’. 2014 साली आलेली ही अख्खी कादंबरी कवितांत आहे आणि 2015 चं न्यूबेरी पदक, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, तिला मिळालं. कविता म्हटल्यावर दचकू नका. जॉश आणि जॉर्डन हे जुळे भाऊ शाळेच्या संघात खेळतात, वडील एकेकाळचे व्यावसायिक बास्केटबॉलपटू. पुस्तकाचे भागही सामन्यासारखे: वॉर्म-अप, चार क्वार्टर, शेवटी ओव्हरटाइम. जॉश चेंडू घेऊन निघाला की पानावरचे शब्द घसरतात, तुटतात, एकेक ओळीवर उड्या मारतात. डोळे चेंडूच्या मागे जावेत तसे खाली जातात. एका पानावर मोजके शब्द असल्यामुळे वाचनाचा कंटाळा असलेलं मूलही बघता बघता अर्ध्यावर पोचतं. ‘मी एवढं जाड पुस्तक वाचलं’ ही फुशारकी त्या मुलाला हवीच असते, मारू द्या.

सावध राहायचं ते वेगळ्या कारणासाठी. जॉर्डनला मैत्रीण मिळते, भावांत फूट पडते, जॉश रागाच्या भरात भावाच्या तोंडावर चेंडू मारतो आणि संघाबाहेर बसतो. तिकडे वडिलांचा रक्तदाब वाढलेला, आणि डॉक्टरकडे जायचं नाव नाही. शेवटी ते दगावतात. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हे पुस्तक वर्षभर बाजूला ठेवा. एरवी बारा वर्षांच्या मुलाला हे पेलतं, आपल्यालाच उगीच धास्ती वाटते.

‘घोस्ट’ (2016) त्याहून कडक वाटेल, कारण त्यातली भीती आधीच घडून गेली आहे. सातवीतला कॅसल क्रॅनशॉ स्वतःला घोस्ट म्हणवतो. दारूच्या नशेत वडिलांनी आईवर आणि त्याच्यावर बंदूक झाडली, तेव्हा तो पळाला. आपल्याला पळता येतं हे त्याला त्या रात्री कळलं. वडील आता तुरुंगात आहेत. एके दिवशी बागेत धावण्याचा सराव चाललेला असतो आणि हा सूर्यफुलाच्या बिया चघळत बघत बसलेला. संघातल्या ल्यू नावाच्या पोराचा तोरा त्याला खुपतो. हा उठतो आणि रोजच्या कपड्यांत, संघात नसताना, ट्रॅकच्या कडेला त्याच्या बरोबरीने धावतो. टॅक्सी चालवणारा प्रशिक्षक तेवढ्यावरून याला सोडायला तयार नाही.

पुढचा प्रसंग बुटांचा. घोस्टकडे धावण्याचे बूट नाहीत. घोट्यापर्यंतचे जुने बूट तो कात्रीने कापतो, शाळेत त्यावरून हसं होतं, आणि मग दुकानातून चंदेरी बूट चोरतो. खेळ फुकट नसतो, हे इतक्या थेट सांगणारं मुलांचं पुस्तक विरळाच. ज्या घरात स्पाइक्सच्या किमतीवरून जेवताना वाद होतात, तिथे हे लगेच भिडेल. अकॅडमी, जर्सी, किट सगळं हातात मिळणाऱ्या मुलानेही वाचावं. किंबहुना त्याने आधी. शेवटी शर्यत सुरू होते आणि पुस्तक तिथेच थांबतं. कोण जिंकलं ते लिहिलेलं नाही! काही मुलांना ही फसवणूक वाटते, काहींना तेच आवडतं. पुढच्या तीन पुस्तकांत त्याच संघातली पटिना, सनी आणि ल्यू आपापली गोष्ट सांगतात, म्हणजे एक आवडलं की पुढचे दोन-तीन महिने काय वाचायचं हा प्रश्न मिटला. अडचण एकच: घोस्टची भाषा अमेरिकेतल्या गल्लीतली, बोलीची आहे. सेमी-इंग्रजीतल्या मुलाला सुरुवातीची पानं अडखळायला होईल.

भाषेची ही अडचण ‘रोलर गर्ल’ मध्ये जवळपास नाही, कारण ती चित्रकादंबरी आहे. 2015 साली आली, पुढच्या वर्षी न्यूबेरीचा सन्मान मिळाला. पोर्टलंडची बारा वर्षांची ॲस्ट्रिड रोलर डर्बीच्या शिबिरात जाते. तिची जिवाभावाची मैत्रीण निकोल मात्र बॅलेच्या शिबिराला. चाकांचे बूट घालून धक्काबुक्की करत फेऱ्या मारायच्या, हेल्मेटवर चांदणी असलेल्या ‘जॅमर’ नावाच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्यांना ओलांडून गुण मिळवायचे, असा हा खेळ. आपल्याकडे तो कुणी पाहिलेला नसतो, पण नियम चित्रांतून पटकन समजतात. ॲस्ट्रिड सगळ्यांत वाईट खेळते, सारखी आपटते, आईशी खोटं बोलते, आणि जॅमरची जागा शेवटी तिच्या नव्या मैत्रिणीला मिळते. खेळात मागे पडणाऱ्या मुलीला, आणि मैत्रीण दुरावलेल्या कुणालाही, हेच द्या. मुलग्यांनी वाचू नये असं त्यात काही नाही, पण मुखपृष्ठ बघून ते नाक मुरडतात खरे.

मुलाबद्दल फारशी माहिती नसताना भेट द्यायची असेल तर मी ‘घोस्ट’ घेईन. वय दहाच्या आत असेल तर ‘रोलर गर्ल’. ही मात्र छापीलच घ्या, कारण पानं रंगीत आहेत आणि काळ्यापांढऱ्या ई-रीडरवर मजा जाते. ‘द क्रॉसओव्हर’चंही तसंच, फोनच्या लहान पडद्यावर ओळींची सगळी मांडणी विस्कटते.