चकमकीची की केपाची?

ऑगस्ट लागला की कुणाचा तरी फोन येतोच. "काका, लाँगरायफल करून घ्यायची ठरवलीय. लॉक कुठलं सांगू? चकमकीचं की केपाचं?" लाँगरायफल म्हणजे जुन्या धाटणीची, लांब नळीची ठासणीची बंदूक. लॉक म्हणजे तिची दारू पेटवणारी कळ, चकमकीचं असेल तर दगडाच्या ठिणगीने, केपाचं असेल तर ठोका बसताच पेटणाऱ्या तांब्याच्या टोपीने. विचारणारा बहुधा आमच्या पेनसिल्व्हेनियातलाच असतो. इन-लाइनने (नव्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुकीने) दोन-तीन हरणं मिळवलेली असतात, आता प्लॅस्टिकच्या दस्त्याचा कंटाळा आलेला असतो, आणि कुठल्या तरी मेळ्यात कर्ली मेपलच्या लाकडाचा वाघासारखा पट्टेदार दस्ता एकदा हाताखालून गेलेला असतो. तिथून परतीची वाट नाही, हे मला ठाऊक आहे.

माझ्याकडे दोन्ही आहेत. एकाच कारागिराने हाताने घडवलेल्या, दोन्ही .५० च्या (म्हणजे नळीचं तोंड अर्ध्या इंचाचं), दोन्हींची नळी ४२ इंची. आत ७० ग्रेन काळी दारू, वर चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली .४९० ची शिशाची गोळी, हेही दोन्हीकडे तेच. फरक फक्त लॉकचा. त्यामुळे माझी तुलना अगदीच हवेतली नाही, पण शास्त्रीयही नाही. स्टॉपवॉच घेऊन मी कधी बसलो नाही.

(गावाकडून वाचणाऱ्यांसाठी: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. हे सगळं इथल्या परवान्यावरचं, इथल्या व्हाइटटेल हरणाबद्दलचं.)

मी आधी केपाची घेतली. कारण सरळ होतं. कुडाळकडच्या आमच्या घरी आजोबांची शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, ती केपाचीच. गज, दारूचं शिंग, डबीतल्या त्या तांब्याच्या इवल्या टोप्या हे सगळं मी लहानपणी पाहिलेलं. चकमक म्हणजे मला इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट वाटायची.

आणि केपाचं कौतुक करायलाच हवं. घोडा पडतो आणि बार होतो, मध्ये काही जाणवत नाही. इन-लाइनवरून येणाऱ्याला नव्याने काही शिकावं लागत नाही. झिमझिम पावसातही केप निपलवर (तिच्यासाठीच्या पोकळ खुंटीवर) घट्ट बसलेली असली तर निर्धास्त राहता येतं. काळी दारू मिळाली नाही तर तिच्या जागी येणाऱ्या पर्यायी दारूही ती बहुतेक वेळा पेटवते. चकमकीच्या ठिणगीला हे जमत नाही. त्या दारू पेटायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच लागते. लुईझियानातल्या मिंडनचा काळ्या दारूचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला तेव्हा चकमकवाल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. पुढच्या वर्षी मालक बदलला आणि जीव भांड्यात पडला.

डावखुरे असाल तर आणखी एक. उजव्या हाताचं चकमकीचं लॉक डाव्या खांद्यावर घेतलं की रंजकेचा (लॉकच्या बाहेरच्या वाटीत ओतलेल्या चिमूटभर दारूचा) भडका थेट चेहऱ्यासमोर होतो. डाव्या हाताचं लॉक सांगा, थोडं थांबावं लागलं तरी चालेल. केपाला हा त्रास बराच कमी.

चकमकीविरुद्ध सगळ्यात जास्त ऐकू येतं ते दिरंगाईबद्दल. घोडा पडणार, ठिणग्या वाटीत उडणार, रंजक पेटणार, मग नळीच्या बाजूच्या भोकातून आग आत जाणार. तोवर हरीण घरी जाऊन जेवून येईल म्हणतात. अलेक्झांडर फोरसाइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याची हीच तक्रार होती. वाटीतला भडका दिसला की पाखरं उडून जायची. म्हणून त्याने ठोका बसताच पेटणारी दारू वापरून नवं लॉक बनवलं आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे केप आली ती त्याच वाटेने. म्हणजे केपाच्या जन्मामागे शिकाऱ्याचा वैतागच आहे. पण पाद्रीबुवा उडती पाखरं मारत होते. उभ्या हरणावर ३५-४० पावलांवरून मला तो फरक कधी नडला नाही. चांगलं लॉक, धारदार चकमक आणि वाटीत बेताची रंजक एवढं असलं तर आवाज एकच येतो. "टक्, छिस्स, धाड" असं तीन तुकड्यांत ऐकू आलं तर बंदूक काहीतरी सांगते आहे असं समजा. हां, बार झाल्यावरही नेम क्षणभर धरून ठेवावा लागतो. ती सवय मला लागायला एक अख्खा उन्हाळा गेला.

आता माझ्या दुखण्याकडे येतो.

नोव्हेंबर संपत आलेला. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, रायफल सीझनचा पहिला दिवस. ओकच्या झाडाखाली पहाटेपासून बसलेलो. साडेआठच्या सुमारास एक मादी ४० पावलांवर येऊन आडवी उभी राहिली. याहून सोपा नेम आयुष्यात मिळत नाही. घोडा पडला, केप फट्ट वाजली, बार नाही. चूक माझीच होती. घरी तेल लावलेलं, आणि ठासण्याआधी दोन रिकाम्या केपा उडवून निपलची वाट मोकळी करायची राहून गेली.

आजोबांचा आवाज कानात आला: "बार फुसको गेलो तर लगेच नळी हलवू नको रे." बार कधीकधी उशिरा उडतो. म्हणून नळी तशीच समोर धरून मनात तीसपर्यंत मोजलं. मादी हलली नाही. कान टवकारून माझ्याच दिशेने बघत होती. तोवर काहीच बिघडलेलं नव्हतं.

बिघडलं ते पुढे. उडालेली केप पाकळ्यांसारखी फाटून निपलला चिकटून बसली होती. हातमोजा काढला, नखाने ओढली, निघेना. बोटं अशी गारठलेली की नख लागलंय की नाही तेही कळत नव्हतं. खिशातला चाकू काढून पातं घातलं, तेव्हा एक तुकडा निघाला आणि दुसरा घोड्याच्या खोबणीत जाऊन बसला. तोही काढला. मग डबी. अकरा नंबरची केप किती मोठी? दिवाळीतल्या पिस्तुलाची टिकली दुमडून तिची टोपी केली तर जेवढी होईल तेवढी. डबीचं झाकण घट्ट होतं, ते एकदम उघडलं आणि निम्म्या केपा सुक्या पानांवर सांडल्या. आवाज फार नव्हता. वाळूचे खडे ताटलीत पडावेत तसा. पण तेवढा पुरला. पांढरी शेपटी वर झाली आणि ओकच्या खोडांमधून नाचत दिसेनाशी झाली.

केप बसवायचं पितळी साधन मिळतं, मला माहीत आहे. मीही नंतर घेतलं. नवी केप ते छान बसवतं. अडकलेली जुनी केप ते काढत नाही, आणि माझं भांडण तिच्याशीच आहे.

एवढ्यावर मी केपाच्या बंदुकीला सोडलं नसतं. पण २०२० च्या शेवटापासून दुकानातून केपा गायब झाल्या. प्रायमर (काडतुसातली केपच म्हणा) बनवणारे कारखाने काडतुसांच्या मागे लागले, आणि अकरा नंबरची डबी शोधत मी तीन काउंट्या पालथ्या घातल्या. घरी दारू होती, शिसं होतं, साचा होता, आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यासुद्धा होत्या. हाताने घडवलेली, दीड वर्ष वाट पाहून मिळालेली बंदूक भिंतीवर, आणि ती अडून बसलेली कशावर, तर नखाएवढ्या तांब्याच्या टोपीवर. सगळं माझ्या हातचं, आणि एवढीच गोष्ट कारखान्याची. तो हिवाळा मला फार लागला. त्याच हिवाळ्यात दुसरी बंदूक सांगितली, चकमकीच्या लॉकची.

तिची गंमत अशी की तीही फुसकी जाते. कदाचित केपाहून जास्तच. पण फुसकी गेल्यावर काय करायचं ते मोठं आणि सोपं असतं. जानेवारीत एकदा रंजक भडकली आणि आत काही नाही. तीसपर्यंत मोजलं, तारेने भोक टोचलं, गळ्यातल्या छोट्या शिंगातून वाटीत चिमूटभर दारू ओतली, झाकण मिटलं, घोडा ओढला. हे सगळं हातमोज्यातून बोटं बाहेर काढून, न बघता झालं. समोरची मादी तोवर गेली होतीच, उगाच खोटं कशाला सांगू. पण तिच्यामागून दुसरी त्याच वाटेने आली, आणि तेव्हा मी तयार होतो. केपाच्या बंदुकीबरोबर असतो तर त्या वेळी मी पानांत केपा वेचत बसलो असतो असं मला वाटतं.

चकमक बोथट झाली तर पितळी दांडीने धारेवर दोन हलके टोले द्यायचे, नवी धार निघते. इंग्लंडची काळी चकमक माझ्याकडे चाळीसेक बार चालते. तुमच्या लॉकवर कमी-जास्त होईल.

पाऊस हा तिचा खरा शत्रू, आणि तिथे मी वाद घालणार नाही. रंजकेची राख दमट हवेत ओलावा ओढते आणि वाटीत काळा चिखल होतो. लॉकवर बांधायचं चामड्याचं मेण लावलेलं झाकण घ्या. इथे त्याला गायीचा गुडघा म्हणतात. दर अर्ध्या तासाने रंजक बदला. हा व्याप ज्याला आवडत नाही आणि जो ऑक्टोबरातल्या ठासणीच्या बंदुकांच्या एका आठवड्याच्या सीझनातच शिकार करणार आहे, त्याने केपाची घ्यावी. मी नावं ठेवणार नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. नाताळनंतर इथे जो सीझन सुरू होतो, १९७४ पासूनचा, त्यात चकमकच लागते. केपाची बंदूक तेव्हा घरीच राहते. .५० ची नळी .४४ च्या किमान अटीत बसतेच. चकमकीची मात्र ऑक्टोबरात, रायफल सीझनात आणि बर्फात, तिन्हीकडे चालते. अनेकांचा निर्णय एवढ्यावरच होतो. माझा तसा झाला नाही, पण पारडं अजून जड झालं हे खरं.

कारागिराला सांगताना एक ध्यानात ठेवा. लॉकवर पैसे वाचवू नका. दस्त्यावरचं कोरीव काम कमी करा, पितळी पॅचबॉक्स (दस्त्यातली चिंध्यांची डबी) साधा ठेवा, पण लॉक चांगलं घ्या आणि भोक वाटीच्या नेमकं कुठे येणार ते आधी विचारा. केपाच्या बंदुकीत साधं लॉक खपून जातं, इथे नाही.

माझी केपाची मी विकलेली नाही. डबीत अकरा नंबरच्या अकरा केपा उरल्यात, एखाद्या ओल्या ऑक्टोबरसाठी.