एका शनिवारचे ग्लायडर प्रशिक्षण

बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ वाढल्यामुळे मला विमानांचे अप्रूप उरलेले नाही. तरीही इंग्लंडमधील भाच्यासोबत एअर कॅडेट्स या हवाई दलाच्या युवक संघटनेच्या ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) केंद्रावर घालवलेला शनिवार मनात राहिला. येथील बहुतेक प्रशिक्षक स्वयंसेवक असून आठवडाभर आपापली नोकरी सांभाळून सुटीचे दिवस मैदानावर काढतात. साडेसतरा मीटर पंखविस्ताराचे, दोन आसनी ‘वायकिंग’ ग्लायडर विंचच्या (जमिनीवरील तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) लांब तारेने ओढले जाते, काही सेकंदांत हजारभर फुटांवर पोहोचते आणि तार सुटल्यावर केवळ वाऱ्याचा आवाज उरतो. आपल्या राजहंसगडावर तापून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने घारी पंख न हलवता घिरट्या घालतात, तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. मागच्या आसनावरील प्रशिक्षकांनी प्रत्येक गोष्ट शांतपणे समजावली आणि उंचीवर गेल्यावर नियंत्रणाचा दांडा काही क्षण भाच्याच्या हाती दिला, हे मला सर्वांत आवडले. उणीव प्रतीक्षेची: ढग खाली उतरल्याने दिवसभरात एकच उड्डाण मिळाले आणि उरलेला वेळ इतरांच्या ग्लायडरच्या पंखाचे टोक धरण्यात गेला. चहा बेळगावकराच्या जिभेला पचणारा नव्हता. भाच्याने मात्र परतताना पुढची तारीख विचारून घेतली.