वर्ध्यात ‘अडकलेला’ खोका

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. नागपूरहून आमच्याकडे येणारा सरळ रस्ता वर्धा जिल्ह्यातून येतो, आणि वर्ध्यात दारूबंदी आहे. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्यानं मला १६,३०० रुपयांना बुडवलं, त्यालाही ते चांगलंच ठाऊक होतं.

दर जानेवारीत कापसाची वेचणी आटोपत आली की आम्ही चार-पाच जण वावरात रोडगे करतो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. या खेपेला माझ्या मनात आलं की सोबत जगभरातल्या बिअर ठेवाव्या. झिंगण्यासाठी नाही. प्रत्येकीचा अर्धा ग्लास, हळूहळू, चव ओळखत. वर्षभर मी याबद्दल वाचत होतो. चेक देशातल्या पिल्झन शहरात १८४२ साली पहिली सोनेरी पिल्सनर तयार झाली. आपण पितो त्या पिवळ्या लागर बिअरचं मूळ तिथं आहे. जर्मनीतल्या बामबर्गची श्लेंकेर्ला ही धुराची बिअर. तिचं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं सातू, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या जाळावर वाळवतात. गोवऱ्यांच्या धुरातल्या रोडग्याशेजारी ती कशी लागेल, याची मला खरंच ओढ लागली होती. बेल्जियमच्या हूगार्डन बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धने असतात. संत्र्याच्या मुलखात राहून ती चाखली नाही, याची खंत वाटायची.

तालुक्याच्या बिअर शॉपीत स्ट्राँगखेरीज काही मिळत नाही. म्हणून मोबाईलवर शोधाशोध केली आणि एक जाहिरात सापडली: ‘आयातीत बिअर, बारा बाटल्यांचा खोका, घरपोच.’ समोरचा माणूस मराठी बोलणारा, अदबीचा. माझी यादी पाहून म्हणाला, “साहेब, तुम्हाला जाण आहे.” पहिल्यांदा मी फसलो ते इथे. गावात माझ्या या नादाला कोणी विचारत नव्हतं. हा माणूस तासभर बोलला. त्यानं वेस्टव्लेटरेन १२ ही बिअरसुद्धा देतो म्हणून सांगितलं आणि सोनेरी कागदी लेबल लावलेल्या बाटलीचा फोटो पाठवला.

तिथेच मी थांबायला हवं होतं. बेल्जियमच्या एका मठातले साधू ही बिअर बनवतात. ती मठाकडे आधी नोंदवावी लागते, आणि घेणाऱ्यानं पुढे विकायची नाही अशी अट असते. कित्येक दशकं त्या बाटलीला कागदी लेबलच नव्हतं, सगळी माहिती बुचावर असायची. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी फोटो पाहून मन इतकं हरखलं की वाचलेलं आठवलंच नाही. ७,८०० रुपये पाठवले.

चौथ्या दिवशी फोन आला. आवाज वेगळा, करडा. “उत्पादन शुल्क विभागातून बोलतोय. तुमच्या नावाचा माल वर्ध्यात धरलाय. बंदीच्या जिल्ह्यातून दारूची वाहतूक, माहीत आहे ना?” पाठोपाठ वर्दीतल्या माणसाचा फोटो आणि शिक्क्याचा कागद. माझे हातपाय गार पडले. मावसभाऊ शेजारीच होता. तो म्हणाला, “अरे, वर्ध्यात तर बंदीच आहे, धरला असन. देऊन टाक, नाही तर पोलीस घरी येतीन, मावशीले काय सांगशीन?” ४,५०० रुपये ‘दंड’ म्हणून भरले.

मी याचा खूप विचार केला आहे. त्यानं सांगितलेली बंदी खरी होती. आपल्याच भागातली खरी गोष्ट असली की माणूस पुढचं सगळं खरं धरून चालतो. एकदाही मनात आलं नाही की सरकारी दंड कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर कसा भरतात.

संध्याकाळी पहिल्याच माणसाचा फोन. माफी मागत म्हणाला, ऑर्डर रद्द करतो, सगळे पैसे परत देतो, पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाका. टाकला, आणि आणखी ४,००० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जातात. हे मी आईला दहादा बजावलेलं आहे.

यानंतर पाच दिवस मी गप्प बसलो. तक्रार करायची तर कशाची? बिअरची? ठाण्यात ओळखीचं कुणी भेटलं तर? आधी दारू प्यायचा परवाना विचारतील, मग गावभर होईल. आपण लाजेनं तोंड उघडणार नाही, या भरवशावरच ते लोक धंदा करतात. कोणाच्या बाबतीत असं घडलं असेल तर त्याच घडीला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते रोखता येण्याची शक्यता असते.

हेही लक्षात ठेवा. टपालानं दारू पाठवता येत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या राज्यात घरपोच देण्याची मुभा मिळाली होती, तीही परवानाधारकाला आणि परवाना असलेल्या दुकानातून. कायदेशीर आयात केलेल्या बाटलीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असते. फोटोत ते दिसलं नाही तर विषय सोडून द्या. दुकानात जाऊन घ्यायची तरी तारीख पाहा आणि बाटली उन्हात ठेवलेली नाही ना ते बघा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पिल्सनरची चव पार बिघडते.

सहाव्या दिवशी मी ठाण्यात गेलो. हवालदारानं सगळं लिहून घेतलं. बिअरबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही, परवानाही विचारला नाही. लिहिणं झाल्यावर पेन खाली ठेवून त्यानं एवढंच विचारलं, “भाऊ, पाच दिवस कुठं होते तुम्ही?”