पेन्शन नसलेल्या माजी सैनिकासाठी पुण्यात आसरा: वृद्धाश्रम की भाड्याची खोली?

गेल्या दोन वर्षांत तिघांनी मला जवळपास एकच गोष्ट विचारली. घरातला कुणीतरी फौजेतून लवकर सुटून आलेला, पेन्शन नाही, मागे बायकापोरं नाहीत, आता सत्तरी ओलांडलेली आणि राहायला जागा नाही. त्याची सोय कुठे करायची? माझ्या मामांसाठी मी हे सगळं केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मामा १९६९ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १९७१ची लढाई त्यांनी पाहिली. १९८० साली घरच्या अडचणीपायी स्वतः अर्ज करून ते परत आले. ११ वर्षं भरली होती, पेन्शनला १५ लागतात. पुढे वॉचमनच्या नोकऱ्या केल्या, त्याही वयानं संपल्या. २०२३च्या पावसाळ्यात पुणे स्टेशनबाहेर ते मला भेटले तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवी आणि एक पत्र्याची काळी पेटी होती. माझ्याकडे आठ दिवस राहिले. नवव्या दिवशी म्हणाले, "भाच्याच्या घरी किती दिवस राहू? मला माझी जागा बघून दे."

जागा शोधायच्या आधी एक काम जरूर करा. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारी नोकरीच्या नोंदींची वही) उघडून कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष फौजेतली नोकरी, किती आणि रिझर्व्हमध्ये, म्हणजे गरज पडली तर परत बोलावण्यासाठी राखीव, किती वर्षं धरली आहेत ते बघा. दोन्ही मिळून १५ भरत असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शन बसू शकते, आणि मग सगळा हिशोबच बदलतो. त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथे जवानांच्या नोकरीच्या नोंदी असतात तिथे, पत्र घाला. मामांचं बसलं नाही, पण तुमच्या माणसाचं बसेलही.

मणक्याला इजा होऊन कमरेखालचं अंग गेलेला जवान असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये चौकशी करा. १९७४पासून ते हेच काम करतंय. बाकी सैनिकांच्या घरांसाठी म्हणून जे काही आहे, ते बहुतेक घर घेऊ शकणाऱ्यासाठी किंवा घर असलेल्यासाठी आहे. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनचे फ्लॅट हप्ते भरणाऱ्याला मिळतात. राज्याची मालमत्ता करमाफी ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याला. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यासाठी हाताशी येते ती एक रोख मदत: केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट. पेन्शन नसलेला, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा, ६५ पूर्ण झालेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा या मदतीला पात्र ठरते. महिना ४,००० होते, १ नोव्हेंबर २०२५पासून ८,००० झाले. आपण ७ डिसेंबरच्या आसपास ध्वजदिनाला जे पैसे देतो, ते इथे पोचतात. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. मी आधी घोरपडीला, युद्धस्मारकासमोरच्या राज्याच्या कार्यालयात गेलो होतो. तिथून मला जिल्ह्याच्या कार्यालयाकडे पाठवलं. तुम्ही तो हेलपाटा वाचवा. आणि सुटण्याची तारीख १ जुलै १९८७ नंतरची असेल, तर 'माजी सैनिक' या व्याख्येत आपला माणूस बसतो का, हे पहिल्याच भेटीत विचारा. नियम तिथून कडक होतात.

निवारा केंद्राबद्दल थोडक्यात. शहरी बेघरांसाठी लाख वस्तीमागे एक असा त्यांचा निकष आहे. मामा एका केंद्रात १९ दिवस राहिले. जेवण वेळेवर, माणसं चांगली, आधार कार्डाचं कामही तिथल्याच मुलानं मार्गी लावलं. पहिल्या महिन्यासाठी मी आजही तेच सुचवीन. पण पेटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती माझ्याकडे राहिली, आणि मामा एक दिवसाआड बसनं येऊन ती उघडून बघून जायचे.

आता खरी तुलना.

धर्मादाय वृद्धाश्रमाच्या बाजूनं बोलायचं तर पुष्कळ आहे. दोन वेळचं गरम जेवण, रात्री कुणी पडलं तर हाकेला माणूस, औषधांच्या वेळा पाळणारी बाई. मामांना ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नाही, ते मुख्यतः पेन्शनरांना मिळतं, म्हणून आजारपणाची धास्ती मला जास्त होती. शिवाय सोबत. एकट्या माणसाला संध्याकाळी बोलायला कुणी असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि खोलीत ती मिळेलच असं नाही. आम्ही एका वृद्धाश्रमात त्यांना तीन महिने ठेवलं. वागणुकीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

अडलं ते पेटीवर.

ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना ही पेटी माहीत असते. पत्र्याची, काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत घोंगडी, दाढीचं सामान, संग्राम मेडल आणि कापडात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. आश्रमाचा नियम होता: खाटेखाली एक बॅग, बाकी सामान नातेवाइकांकडे, मौल्यवान कागद ऑफिसच्या कपाटात. वीस जणांच्या हॉलमध्ये असा नियम लागतोच, हे मला कळतं. मामा त्या वेळी काही बोलले नाहीत. फाटकापर्यंत मला सोडायला आले आणि एवढंच विचारलं, "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

पुढे त्या किल्लीनंच आम्हाला दमवलं. पेन्युरीच्या अर्जाला मूळ डिस्चार्ज बुक दाखवायला हवं होतं. कपाट ज्यांच्याकडे, ते रजेवर. दुसऱ्या वेळी ते होते, पण विश्वस्तांना विचारल्याशिवाय कागद बाहेर देता येत नव्हता. तिसऱ्या खेपेला बुक हातात आलं तेव्हा दीड महिना गेला होता. त्या दीड महिन्यात मामा जेवणावरून लवकर उठू लागले आणि ऑफिससमोरच्या बाकावर बसू लागले. ज्या एका वहीवर त्यांची ११ वर्षं लिहिलेली आहेत आणि ज्या वहीवर पुढचा प्रत्येक रुपया अवलंबून आहे, ती बघायला त्यांना परवानगी लागत होती. मला ते बघवलं नाही.

म्हणून बोपोडीत खोली घेतली. दहा बाय दहा, संडास सामायिक, भाडं ४,५००, डिपॉझिट १५,०००. दुपारचा डबा महिना २,२००. संध्याकाळी ते स्वतः भात लावतात. मदत ४,००० होती तोवर बाकीचे आम्ही भावंडं घालत होतो. आता वीजबिल धरून ८,०००मध्ये बसतं, औषधं मात्र आमच्याकडे. पेटी खाटेखाली आहे, किल्ली मामांच्या जानव्याला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पहाटे उठून अंगण झाडायला सुरुवात केली, आणि तीन महिने गप्प असलेला माणूस शेजारच्या पोरांना १९७१ सांगायला लागला.

खोलीचे तोटे आहेत. गेल्या हिवाळ्यात ताप आला तेव्हा दोन रात्री कुणालाच कळलं नव्हतं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. आंघोळीला आधार लागत असेल, विसरभोळेपणा वाढला असेल, किंवा दारूची सवय सुटलेली नसेल, तर वृद्धाश्रमच बघा, आणि फक्त डिस्चार्ज बुक आपल्या ताब्यात ठेवण्याचं आधी लिहून घ्या. चालता-फिरता, स्वतःचं स्वतः करणारा फौजी असेल तर मला तरी खोली बरी वाटते. रोज एकदा दार वाजवणारं शेजारी कुणी मिळालं पाहिजे, ही अट मात्र भाड्याच्या आधी ठरवा. आमच्याकडे समोरच्या मावशी सकाळी चहा देतात, त्यामुळे ते होतं.

आणि करारनामा त्याच्याच नावानं करा, तुमच्या नको. घरमालक तुमचं नाव मागतील, हमीदार म्हणून खाली सही करा. त्या कागदावर आधारचा पत्ता बदलता येतो, आणि सैनिक कार्यालयाचं पुढचं प्रत्येक पत्र मग त्याच्या नावानं, त्याच्याच दारात येतं.