गरोदरपणात माइंडफुलनेस: वर्ग, ॲप की योग?

गरोदरपणात माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचं ध्यान, शिकायचं ठरवलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. शिक्षकांसमोर बसून शिकायचं, मोबाइलवर ऐकून करायचं, की योगवर्गात ते आपसूक होईल? श्वास, शांतता, बाळाशी नातं हे शब्द तिन्हीकडे ऐकू येतात, त्यामुळे तिन्ही सारखंच वाटायला लागतं. पण प्रत्येक ठिकाणी हाती लागतं ते वेगळं.

आधी वर्ग, कारण माझा कल तिकडे आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत ताण कमी करण्यासाठी ध्यानाचा एक कार्यक्रम सुरू केला. पुढे तो आठ आठवड्यांचा ठरला. नर्स-मिडवाइफ नॅन्सी बार्डाकी यांनी १९९८ मध्ये त्याला बाळंतपणाच्या तयारीची जोड दिली. या वर्गात बर्फाचा एक सराव असतो. बर्फाचा तुकडा मुठीत धरून मिनिटभर बसायचं. आधी नुसतं गार लागतं, मग झोंबतं, मग कधी एकदा हात उघडतो असं होतं. त्या वेळी बघायचं की आत्ता नेमकं काय जाणवतंय: टोचणं, बधिरपणा, की 'अजून किती वेळ' हा विचार? बाळंतपणाची कळ ऐन भरात असते तीही साधारण मिनिटभराचीच, आणि दोन कळांच्या मध्ये थोडी उसंत मिळते. पुढच्या कळेच्या धास्तीने ती उसंतही हातची जाते. ती कशी राखायची, हे बर्फ हातात धरून जितकं कळतं तितकं नुसतं ऐकून कळत नाही.

पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या बाईने तर वर्गाचाच विचार आधी करावा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा ८६ गर्भवती होत्या. माइंडफुलनेसवर आधारित गटउपचार घेणाऱ्यांपैकी बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांपर्यंत सुमारे १८ टक्के जणींना नैराश्य पुन्हा आलं. नेहमीचीच काळजी मिळालेल्या गटात हेच प्रमाण सुमारे ५० टक्के होतं. अभ्यास लहान असला तरी फरक मोठा आहे.

ॲपची जमेची बाजू म्हणजे ते रात्री तीन वाजताही हाताशी असतं. झोप उडालीय, डोक्यात यादी चालू आहे, अशा वेळी दहा मिनिटांचं ध्यान खरंच उपयोगी पडतं. मात्र चार दिवसांनी सुटलं तर विचारायला कोणी नसतं, आणि ध्यानात काही जुनं वर आलं तर सावरायलाही. आणखी एक लक्षात ठेवा. बरीचशी ध्वनिमुद्रणं गर्भवतींसाठी केलेली नसतात. 'पाठीवर शांत झोपा' असं त्यात सर्रास सांगतात. पोट वाढल्यावर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि गरगरू शकतं. कुशीवर झोपा किंवा उशांना टेकून बसा. ध्यानात त्याने काही कमी होत नाही.

प्रसूतीपूर्व योगाचा फायदा मुख्यतः शरीराला. पाठ अवघडली असेल, दिवसभर बसून काम असेल, तर मी आधी योग निवडेन. श्वास रोखून धरण्याचे प्रकार आणि तापवलेली खोली मात्र टाळा. पण योगाचा प्रत्येक वर्ग माइंडफुलनेस शिकवतोच असं नाही.

आता बाळाबद्दल, कारण दावे सगळ्यात मोठे इथेच होतात. बार्सिलोनातल्या एका चाचणीत १,२२१ गर्भवती होत्या, सगळ्या बाळाची वाढ कमी राहण्याचा धोका जास्त असलेल्या. नेहमीच्या काळजीच्या गटात २१.९ टक्के बाळं अपेक्षेपेक्षा लहान जन्मली, माइंडफुलनेस वर्गाच्या गटात १५.६ टक्के. भूमध्यसागरी आहाराच्या गटात मात्र त्याहून कमी, १४ टक्के. म्हणजे परिणाम दिसतो, पण ध्यान हा एकमेव रस्ता नाही, आणि धोका कमी असलेल्या प्रत्येकीला हे आकडे लागू होतील असंही नाही. ध्यानाने बाळ हुशार निपजतं असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर विसंबून पैसे भरू नका.

'माझ्या ताणाने बाळाचं वाट्टोळं होतंय' ही भीतीही मनातून काढून टाका. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बाळापर्यंत पोचण्याआधी वारेतलं एक एन्झाइम त्याचा बराचसा भाग निष्प्रभ करतं. एखादा वाईट दिवस, एखादं भांडण झेलण्याची सोय शरीरात आहे. ध्यान आधी स्वतःसाठी करा.

आघाताचा, आधीच्या गर्भपाताचा किंवा अत्याचाराचा घाव ताजा असेल, तर डोळे मिटून शरीराकडे लक्ष देताना घाबरं होऊ शकतं. मग डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकवा, थांबायचं तर थांबा, आणि वर्गाआधी समुपदेशकांशी बोला. दोन आठवडे सतत उदास वाटत असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर या तिन्हींच्या आधी डॉक्टर गाठा. चालू औषधं ध्यानाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका.

वेळेचा हिशोबही करा. आठ-नऊ आठवड्यांचा वर्ग पूर्ण व्हायचा तर विसाव्या ते पंचविसाव्या आठवड्यात नाव घातलेलं बरं. चौतिसावा आठवडा लागला असेल तर वर्गाचा हट्ट सोडा; रोज दहा मिनिटं ॲपवर आणि अधूनमधून मुठीत बर्फाचा एक तुकडा, एवढं जमवा.